अकराव्या मजल्यावरचा श्वास

मिस्नानने स्क्रूड्रायव्हरचं टोक तिसऱ्या पंपावर टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाशी लावली आणि डोळे मिटून ऐकलं. बेअरिंग ठीक होतं. दुसऱ्या पंपाची कुरकुर मात्र वाढली होती. महिनाभर काढेल, मग बदलावं लागेल. तसं त्याने वहीत लिहून ठेवलं. ती वही कुणी वाचत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती आणि तरीही एकतीस वर्षांत त्याचा एक दिवस कोरा गेला नव्हता.

या बावीस मजली इमारतीला गार ठेवायचं काम तो तळघरात बसून करत आला होता. गेले दोन महिने भिंतीवरची एक पांढरी पेटी त्याचे हात बघत होती. कुठली झडप तो कधी उघडतो, पाणी गार करणारा दुसरा चिलर किती वाजता जोडतो, पाऊस आला की काय कमी करतो, सगळं तिने टिपून घेतलं. आणि आता नऊ दिवस झाले, ती स्वतःच कारभार करत होती. मिस्नान नुसता शेजारी बसायचा, नव्या सुनेच्या हातात स्वयंपाकघर गेल्यावर सासू बसते तसा.

"पाक मिस्नान, जरा इकडे येता का?"

हाक मिस क्वेकची होती. वडीलधाऱ्या माणसाला लावायचं ते 'पाक' ती कधी विसरत नसे. क्वेक सिओक हुई, पेटी बसवणाऱ्या कंपनीची इंजिनियर, चौतीस वर्षांची. ती नेहमी स्वेटर घालून असे. दुसऱ्यांचं गारठणं कमी करायचा धंदा करते पण स्वतःचं काही जमत नाही, असं मिस्नान तिला चिडवायचा. आज तिने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या आणि तिच्यासमोर मिस्नानच्या जुन्या वह्यांची चळत होती.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. माझी बायकोसुद्धा ते वाचू शकत नाही. तुम्हाला कसं जमलं?"

"माझे बाबा दवाखान्यात औषधं बांधून द्यायचे. डॉक्टरांच्या वाईट अक्षरावर आमचं घर चाललं." ती हसली, पण लगेच थांबली. "अकरावा मजला, पश्चिमेची खोली, तीन वाजता झडप. रोज. सात वर्षं रोज लिहिलंय तुम्ही. मग दोन वर्षांपूर्वी एकदम बंद."

 तिने पडदा त्याच्याकडे वळवला. अकरावा मजला आठ महिन्यांपासून रिकामा होता; भाडेकरू गेले होते, नवे यायचे होते. तिथला पंखा फिरायचं काही कारण नव्हतं. पण प्रत्येक खोलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजून माणसांचा श्वास ओळखणारी एक डबी होती, तिला सगळे 'नाक' म्हणत. पश्चिमेच्या खोलीतलं नाक रोज दुपारी तीनला सांगायचं की इथे कुणीतरी आहे. बिचारी पेटी त्यावर विश्वास ठेवून अख्ख्या मजल्याचा पंखा चालू करायची, वर गार पाणी पाठवायची. पाच वाजता आकडा खाली यायचा.

"आपल्याला पंचवीस टक्के वीज वाचवून दाखवायची आहे," ती म्हणाली. "आपण चोवीस पूर्णांक सहावर अडकलोय. सगळी पडताळणी केली. कुठे पाणी मुरतंय ते हेच."

"नाक बदलून पाहिलंत?"

"दोनदा."

 पुढचं तिला बोलायचं नव्हतं, हे तिच्या बोटांच्या चाळ्यावरून मिस्नानला कळत होतं. चौदा दिवसांच्या या चाचणीत पंचवीस टक्के गाठले तर तळघरात माणूस ठेवायची गरज उरणार नव्हती. नाही गाठले तर मालकांनी मिस्नानला आणखी एक वर्ष द्यायचं कबूल केलं होतं. तो सदुसष्ट वर्षांचा होता. ते वर्ष त्याला हवं होतं, पगारासाठी नाही. पोरं कमावती होती. तळघराच्या बाहेर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माणसं काय करतात, हेच तो विसरून गेला होता आणि त्याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

"मी वर जाऊन त्या डबीवर फुंकर मारतो, असं वाटतंय का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मला वाटत नाही. पण माझा साहेब हे बघेल तेव्हा त्याला वाटेल."

"मग खरं सांगतो. तुम्ही हसणार असाल तर आधीच हसून घ्या."

ती हसली नाही. त्याने सांगितलं. अकराव्या मजल्यावर जहाजांचं काम बघणारी एक कंपनी होती. तिथे गोह बाक सेंग नावाचा कारकून होता, त्याच्याच वयाचा. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला उकाडा सोसत नसे आणि त्याची खोली नेमकी पश्चिमेची. तीन वाजता ऊन काचेतून आत येई. वरच्या साहेबांकडे तक्रार करायची त्याची रीत नव्हती. तो जिना उतरून तळघरात आला, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, घेऊन, आणि म्हणाला, भाऊ, जमलं तर बघ. मिस्नानला जमलं. जुन्या लोकांचं असंच चालायचं. एक झडप हाताने थोडी जास्त उघडायची, बदल्यात कोपी. सात वर्षं हे चाललं. मग एका दुपारी साडेतीनला आ सेंग, सगळे त्याला असंच म्हणत, खुर्चीतच गेला.

"त्या दिवशी झडप उघडायची राहिली होती का?" तिने हळूच विचारलं.

"नाही. उघडली होती. खोली गार होती. मी नंतर जाऊन पाहिलं." तो वहीच्या पानावरून अंगठा फिरवत राहिला. "दुसऱ्या दिवसापासून बंद केली. पेटी आली दोन महिन्यांपूर्वी. तिला हे मी शिकवलेलं नाही, मिस क्वेक. तिने माझ्याकडून पाहिलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला दोघं वर गेले. लिफ्टचं दार उघडलं तर मजला उघडाबोडका; छताचे पत्रे काढलेले, गालिच्यावर कपाटांच्या पायांचे ठसे. पश्चिमेच्या खोलीत एक खुर्चीसुद्धा नव्हती. काचेतून ऊन येऊन भिंतीला टेकलं होतं आणि आतली हवा शिळी होती. आपल्या श्वासाने घोटाळा नको म्हणून मिस क्वेकने काचेचं दार ओढून घेतलं आणि दोघं बाहेर पॅसेजमध्ये दूर उभे राहिले. हातातल्या पडद्यावर आकडा होता चारशे तीस. म्हणजे खोली रिकामी.

तीन वाजले. आकडा चारशे चाळीस झाला, मग चारशे साठ. तो एकदम चढला नाही. कुणी येऊन बसावं, जिना चढल्याची धाप जरा निवावी, मग श्वास एका लयीत लागावा, तसा चढला आणि सहाशेच्या आसपास स्थिरावला. तेवढ्यात छतातली झडप किरकिरली आणि गार हवेचा आवाज सुरू झाला. मिस क्वेकने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या.

"दार बंद आहे," ती म्हणाली.

"बंद आहे."

"आत कुणी नाही."

"तुम्हाला दिसतंय तेवढंच मलाही दिसतंय."

ते वीस मिनिटं तसेच उभे होते. आकडा सहाशेच्या खाली-वर हलत राहिला, झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा. मिस्नानच्या तोंडून आपसूक बिस्मिल्ला निघालं. त्याला भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीपेक्षा ओशाळल्यासारखं जास्त वाटत होतं.

लिफ्टमध्ये मिस क्वेक भिंतीला टेकून उभी राहिली. "चाचणी चालू असताना एखाद्या नाकाकडे दुर्लक्ष कर, असं मी पेटीला सांगू शकत नाही. त्याची नोंद होते. म्हणजे हे असंच चाललं तर चार दिवसांनी आपण नापास." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं वर्ष पक्कं, पाक मिस्नान. तुम्ही काही करायची गरज नाही."

"आणि तुमचं?"

"माझं काय, दुसरी इमारत देतील. किंवा टोमणे." ती थोडा वेळ मजल्यांचे आकडे उतरताना बघत राहिली. "माझी आजी हॉस्पिटलात वारली तेव्हा बाबा तिच्या पलंगापाशी उभे राहिले आणि म्हणाले, आई, चल, घरी जायचंय. मग सगळ्या वाटेवर बोलत होते. आता लिफ्ट आली. आता गाडीत बस. आता पूल आला, आई, पूल ओलांड. मी लहान होते, मला लाज वाटत होती लोकांची. पण आमच्यात सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माणूस जिथे होता तिथेच बसून राहतो. त्याला कळतच नाही."

"आ सेंगला कुणी सांगितलं?"

"त्याची मुलं?"

"एक पर्थला, एक कॅनडात. आले, सगळं नीट केलं, गेले. अकराव्या मजल्यावर कोण येणार होतं?"

त्या रात्री घरी त्याने हे कमसियाला सांगितलं. सांगताना शेवटचा भाग गाळायचा त्याचा विचार होता, पण चाळीस वर्षांच्या संसारात कमसियापुढे काही गाळणं त्याला कधी जमलं नव्हतं. ती दुसऱ्या सकाळी भाताबरोबर खायला वाळवलेल्या मासळीचा तिखट सांबाल परतत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"म्हणजे तो तिथे बसला तर तुमची नोकरी राहते."

"तसं काही मी म्हटलेलं नाही."

"म्हणायचं कशाला, हिशेब सरळ आहे. तुम्हाला घरी यायला लागू नये म्हणून त्या बिचाऱ्याला तिथे बसवून ठेवायचं." तिने गॅस बारीक केला आणि नवऱ्याला लग्नापासून मारत आलेल्या हाकेने म्हणाली, "कोपी पाजत होता ना तो तुम्हाला, बांग? सात वर्षं?"

दुसऱ्या सकाळी मिस्नानने भात अर्धा टाकला. दुपारी तीनला दहा मिनिटं असताना तो एकटा अकराव्या मजल्यावर गेला. या विधीतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. धर्म वेगळा, मंत्र वेगळे. पण माणसाला वाट दाखवायला धर्म कशाला लागतो, असं त्याने स्वतःला समजावलं. झडप किरकिरेपर्यंत तो थांबला. गार हवा आली. मग त्याने खोलीचं दार सताड उघडलं.

"आ सेंग," तो म्हणाला. मग दार हाताने धरून पुन्हा म्हणाला. "आ सेंग, मी मिस्नान. ऑफिस सुटलं. खरं तर कधीच सुटलंय, तुला कुणी सांगितलं नाही. चूक माझीच. चल. हे दार. जपून, गालिचा उसवलाय."

लिफ्टमध्ये शिरताना त्याने हात आडवा धरून दार थोपवलं, दुसऱ्या कुणाला आत घ्यायला धरतात तसं. सातव्या मजल्यावर दोन मुली चढल्या. त्याने त्यांच्यादेखत सांगितलं, "आता खाली चाललोय, आ सेंग." मुली एकमेकींकडे बघून फोनमध्ये घुसल्या. खाली पहारेकऱ्यापाशी तो म्हणाला, "ही पायरी." रस्त्यावर म्हणाला, "ऊन आहे, थोडं सोस." सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबला. आ सेंग घरी जायला तोआ पायोची बस ज्या थांब्यावरून पकडायचा तिथे येऊन मिस्नान उभा राहिला.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"चढ," मिस्नान म्हणाला.

"काय?"

"तुम्हाला नाही. चढ, आ सेंग. पुढच्या बाजूला बस, तिथे हवा चांगली लागते. घर आलं की उतर. आणि परत येऊ नकोस."

ड्रायव्हर जरा घुटमळला. "अंकल, तुम्ही येताय की नाही?"

"मी नाही. माझं काम आहे अजून."

दार बंद झालं. बस वळेपर्यंत मिस्नान तिथे उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पश्चिमेच्या खोलीतला आकडा चारशे तीसवरून हलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंखा थांबला, पंपाचा भार उतरला आणि चौदाव्या दिवशी पेटीने पंचवीस पूर्णांक दोन टक्के वीज वाचवून दाखवली. मिस क्वेकने त्याला काही विचारलं नाही. फक्त जाताना दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. शुक्रवारी निरोपाचा केक कापला. व्यवस्थापकाने भाषणात त्याचं नाव दोनदा चुकवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, किल्ल्या एका पाकिटात गेल्या आणि मिस्नान सहाच्या सुमारास इमारतीतून बाहेर पडला.

मग घरी त्याचे दिवस सुरू झाले. तो वेळेवर उठे, वेळेवर जेवे. कमसियाने काही विचारलं की 'हो' म्हणे. नातवाने मांडीवर चढून त्याच्या कानात ओरडून पाहिलं, तरी तो हसून 'हो' म्हणाला. कमसिया चार दिवस गप्प राहिली, मग शेजारणीला म्हणाली, माणूस आणून ठेवलाय माझ्या घरी, पण आतलं सामान यायचं राहिलंय.

दहाव्या दिवशी, दुपारचं जेवण वाढत असताना मिस क्वेकचा फोन आला. तिचा आवाज अगदी बारीक होता. कमसियाने मिस्नानच्या हातातला फोन काढून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"पाक मिस्नान, तुम्ही तळघरात येऊन बसता का? खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही."

"मी घरी आहे. दहा दिवस मी घरीच आहे."

पलीकडून ती म्हणाली, "तुमच्या केबिनमध्ये पण एक नाक आहे. तिथे कुणीतरी आहे. पेटी केबिन गार ठेवतेय. मी बाहेर उभी आहे, आत दिवासुद्धा नाही."

"किती वाजता येतो?" मिस्नानने विचारलं.

"तेच तर. आ सेंग तीनला यायचे, पाचला जायचे. हा येत नाही. म्हणजे मी मागचं सगळं काढून पाहिलं." ती अडखळली. "केक कापला त्या शुक्रवारपासून हा बाहेर पडलेलाच नाही."

मिस्नानने हात गुडघ्यांवर ठेवले. पंखा चालू होता आणि बाहेर भरदुपार होती, तरी त्याच्या दंडावर काटा उभा राहिला. तळघराच्या केबिनमध्ये बसल्यावर राहायचा तसाच. तो म्हणाला, "मग मी येतो. येऊन सांगतो त्याला."

"तुम्ही बसा," कमसिया म्हणाली. "तुमचं ऐकत असता तर आलाच असता की तो तुमच्याबरोबर." ती फोनवर वाकली. "पोरी, मी त्यांची बायको. दार उघड, फोन आत त्यांच्या टेबलावर ठेव आणि तू बाहेर थांब. घाबरू नकोस, तो कुणाला काही करणारा नाही. नुसता हट्टी आहे."

दाराचा आवाज आला. मग यंत्रांची घरघर, एकतीस वर्षं त्याच्या कपड्यांना चिकटून घरी येणारी.

"बांग," कमसिया फोनला म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता, स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखा. "पुरे झालं आता. मशीन चालतंय, तुम्ही नसताना चालतंय, ते मी नाही, त्या बाईने मोजून सांगितलंय. इथे मात्र चालत नाही. मी दहा दिवस एकटीच जेवतेय, समोर तुम्हाला बसवून. मला कंटाळा आलाय, बांग. मला तुम्ही हवे आहात. उठा. दार ओढून घ्या. जिना चढा, डाव्या हाताला कठडा आहे. पहारेकऱ्याला सलाम करा आणि बसथांब्यावर या. भात निवतोय."

ती थांबली. टेबलापलीकडे मिस्नान मान खाली घालून ऐकत होता. बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत राहिली. मग पावलं वाजली आणि मिस क्वेकने फोन उचलला.

"पाचशे ऐंशी होता," ती कुजबुजली. "आता पाचशे साठ. पाचशे दहा. चारशे सत्तर, पाक मिस्नान. चारशे तीस."

कमसियाने फोन बंद केला आणि हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. मिस्नान उठला. त्याने मुख्य दार उघडलं, बाहेरच्या जाळीच्या दाराचं कुलूप काढलं, ते दारही भिंतीला टेकेपर्यंत मागे सारलं आणि पुन्हा टेबलापाशी येऊन बसला. कमसियाने भाताचा डाव हातात घेतला होता.

"पाऊण तास लागेल," तो म्हणाला. "बस बदलावी लागते."

तिने डाव खाली ठेवला आणि भातावर परत झाकण घातलं.